अक्काच्या घराला किती बूट?

४ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

आधी खाली बस आणि मग पुढचं वाच. उभ्याने वाचलंस तर ओरडशील आणि शेजारीपाजारी धावत येतील.

आम्ही दोघं बोटीने फिरायला निघालोय. मासे धरायच्या बोटीने नव्हे, ती पांढरीशुभ्र, इमारतीएवढी असते ना, आत पोहायचा तलाव वगैरे, तसली. लेक-जावयाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिकिटं हातात ठेवली. मी म्हटलं, "अगं, जन्मभर लोकांचे सोफे शिवले, आता मला एखाद्या सोफ्यावर गप बसू दे." पण जावई बंदरांची नावं वाचायला लागला आणि त्यात तुझं गाव निघालं! मी चष्मा शोधत घरभर फिरलो. तो नाकावरच होता.

बारा मेला सकाळी बोट लागते, संध्याकाळी सुटते. तू लग्न करून तिकडे गेलीस तेव्हापासून दर खेपेला तूच आमच्याकडे आलीस. अलीकडे तर तेही बंद. कधी छत गळतंय, कधी मांजर आजारी. आता मीच येतो.

बोटवाल्यांनी सहलींचं एक चकचकीत पुस्तक पाठवलंय. प्रत्येक सहलीपुढे बुटांची चित्रं. एक बूट म्हणजे बसमधून उतरा, फोटो काढा, परत चढा. दोन बूट म्हणजे दगडी रस्ता आणि थोडा चढ. तीन बूट म्हणजे किल्ला, पायऱ्या, आणि खाली बारीक अक्षरात 'प्रकृती ठणठणीत असेल तरच'. तुझ्या गावाबद्दल लिहिलंय, 'शहर धक्क्यापासून चालत जाण्याजोगं'. कुणाला चालत जाण्याजोगं, ते सांगायला विसरलेत.

तर नीट सांग, तुझ्या घराला किती बूट? आणि खबरदार, "हे काय, इथंच" म्हणालीस तर! तुझं 'इथंच' मला ठाऊक आहे. लहानपणी आत्याचं घर असंच 'इथंच' होतं. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, अंधार पडला, शेवटी तू मला पाठुंगळी घेतलंस आणि तरीही म्हणत होतीस, "आलंच की रे."

तुझ्या भावजयीच्या गुडघ्याचं काही खरं नाही, म्हणून विचारतो. शिवाय बोट त्यांच्या बसमधून गेलेल्यांसाठी थांबते, स्वतःच्या मनाने भटकणाऱ्यांसाठी थांबत नाही. उशीर झाला तर आम्ही धक्क्यावर आणि आमच्या बॅगा समुद्रात.

तुझा
छोट्या
(सत्तरी उलटली तरी छोट्याच)


१९ फेब्रुवारी

छोट्या,

बसूनच वाचलं, तरी ओरडले. मांजर कपाटावर जाऊन बसली ती अजून खाली आलेली नाही.

तू येणार! आणि त्यावर बूट कसले मोजतोस? बंदराच्या फाटकातून बाहेर पडलं की हे काय, इथंच. बरं बरं, रागावू नकोस, नीट सांगते. फाटकासमोर दोरखंडांचं दुकान. त्याच्या कडेने वर येणारा रस्ता धर. थोडा चढ आहे, पण लोखंडी कठडा आहे हाताशी. चढ संपला की बेकरी. तिच्या बाहेर एक बाक आहे, एक पाय आखूड असलेला. तिथे भावजयीला बसव. बेकरीवाला पाणी देतो, न मागता गप्पाही देतो. तिथून वाचनालयाला वळसा घातला की आमची गल्ली, आणि पिवळी इमारत. मी चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पण जिना हवेशीर आहे.

सगळा स्वयंपाक करून ठेवीन. तुम्ही फक्त या.

तुमची बोट भोंगा देते तो माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. एवढं जवळ आहे आणि तू गुडघे काय मोजतोस?

अक्का


८ मार्च

प्रिय अक्का,

चौथा मजला! 'हे काय, इथंच' आणि वर चौथा मजला! एवढी पत्रं लिहिलीस, त्यात मजल्याचा उल्लेख कधी नाही. पाकिटावर नुसता घराचा नंबर. मी बापडा समजत होतो, तू जमिनीवर राहतेस.

तुझ्या भावजयीच्या गुडघ्याला हा जिना झेपायचा नाही. स्पष्टच लिहितो. तेव्हा सोपं करू. तूच खाली ये. धक्क्यावर प्रवाशांना बसायला मोठी खोली आहे म्हणे, पंखे आहेत, चहा मिळतो. तिथे बसू, पोटभर बोलू, तुला परत घरी सोडू. मला पाठुंगळी घेऊन चढ चढलेली बाई तू. तुला उतार उतरायला काय लागतं?

स्वयंपाकाचं ओझं नको. थर्मासमध्ये चहा आणलास तरी पुरे.

लगेच कळव. सहलीची नावं नोंदवायची मुदत संपत आलीय आणि लेक रोज विचारते, "बाबा, एक बूट की दोन?" तिला काय सांगू?

छोट्या


२२ मार्च

छोट्या,

बारा तारखेला रंगारी येणार आहे. त्याने मोठ्या मुश्किलीने दिवस दिलाय. त्याला एकटा सोडला तर तो भिंतीबरोबर मांजरही रंगवील. मला घर सोडता येत नाही.

तूच ये ना घरी. एकदा जिना चढून आलास तर काय बिघडेल? सावकाश या, मजल्यामजल्यावर थांबत. एवढा समुद्र ओलांडून येणार आणि चार मजल्यांसाठी अडून बसणार, याला काय म्हणावं?

फोन करू नकोस. फोनवर मला फक्त 'हॅलो' ऐकू येतं, बाकी सगळी खरखर. काय ते लिहूनच कळव.

अक्का


१० एप्रिल

श्रीमती अक्काबाईंस,

रंगारी! सख्खा भाऊ इतक्या वर्षांनी येतोय, आणि तुझ्या दाराशी आडवा कोण, तर रंगारी!

पण तेही सोडून देतो. आज आणखी एक उलगडा झाला. तुझी वाट सोपी की अवघड ते विचारायला मी बोटवाल्यांच्या सहलीच्या बाईंना फोन केला. बिचाऱ्या फार गोड बोलतात. त्यांनी नकाशा उघडला आणि म्हणाल्या, "काका, ते फाटक बंद होऊन बराच काळ झाला. बोटी आता नव्या धक्क्याला लागतात. तिथून बस शहरात सोडते. पुस्तकातलं वर्णन जुन्या धक्क्याचं आहे." मी म्हटलं, "आणि दोरखंडांचं दुकान?" त्या म्हणाल्या, "तसलं काही दिसत नाही." "बेकरी? बाहेर बाक असलेली?" "काका, तिथे गाड्या लावायचा तळ आहे."

म्हणजे मी बायकोला घेऊन आलो असतो, आणि नसलेल्या फाटकातून निघून, नसलेल्या दुकानाशी वळून, नसलेल्या बाकावर बसलो असतो! आणि बोट सुटली असती!

मला यायला नको असेल तर सरळ सांगायचं होतंस. गाड्यांच्या तळावर पाठवायचं काय कारण? दाजी गेल्यावर मी आलो नाही, त्याचा राग असेल तर तोही सांग. पण ही असली थट्टा मला सोसत नाही.

दीपगृहाची सहल नोंदवतोय. एक बूट.

छोट्या


११ एप्रिल

ती. अक्कांना सा. न.

यांनी काल पत्र टाकलं, ते मी वाचलं नाही, पण लिहिताना इतकं पुटपुटत होते की वाचायची गरजच उरली नाही. म्हणून हे माझं वेगळं.

पहिली गोष्ट, माझा गुडघा ठणठणीत आहे. रोज बाजारातून दोन हातांत दोन पिशव्या घेऊन येते. दम यांना लागतो. हृदयाचं दुखणं निघालंय. औषधं चालू आहेत, घाबरू नका. डॉक्टर म्हणाले, चाला, जिनाही चढा, पण एका मजल्यानंतर बसा. हे बसतील तर शपथ! रस्त्यात धाप लागली की कुठल्याही दुकानासमोर उभे राहून काचेत बघतात, जणू खरेदीच करायचीय. परवा बायकांच्या झग्यांच्या दुकानासमोर इतका वेळ उभे होते की आतली बाई बाहेर येऊन म्हणाली, "माप काय आहे त्यांचं?" घरी आल्यावर माझ्यावरच चिडले. आणि पत्रात यांचा सगळा दम माझ्या गुडघ्यात!

दुसरी गोष्ट. यांना वाटतं तुम्ही टाळताय. मला तसं वाटत नाही. टाळायचं असतं तर तुम्ही बाकाचा आखूड पाय सांगितला नसता. ज्याला भावाने येऊन टेकावं असं मनापासून वाटतं तोच असं सांगतो. पण ज्याची रोज जा-ये असते तो पाडलेली बेकरी सांगणार नाही.

अक्का, तुम्ही खाली उतरून किती काळ झाला?

तुमची
भावजय


२० एप्रिल

भावजयबाई,

तुझ्याशी छोट्याचं लग्न लावून दिलं तेव्हाच मी म्हटलं होतं, या मुलीसमोर कुणाचं काही लपायचं नाही. आज माझीच पाळी आली.

तीन हिवाळे झाले. जिन्यावरूनच पडले. कंबरेचं हाड मोडलं, ते सांधलं. डॉक्टर म्हणतात, "आता उतरायला काहीच हरकत नाही." त्यांची नसेल, माझी आहे. वरच्या पायरीवर उभी राहिले की विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं. कठडा धरते, पाऊल पुढे टाकते, आणि घरात येऊन दार लावून घेते. एकदा तर चपलासुद्धा घालून निघाले होते, तशीच चपलांनिशी पलंगावर बसून रडले.

सामान वाणी देतो. मी मागच्या खिडकीतून दोरीने टोपली खाली सोडते. माझ्या खिडक्या सगळ्या मागच्या बोळात. तिथून ना रस्ता दिसतो ना समुद्र. वाणी म्हणाला होता खरा, "पुढे खोदकाम चाललंय." मला वाटलं, नेहमीसारखी गटारं. बेकरी गेली हे छोट्याच्या पत्रातून कळलं. दिवसभर तेच डोक्यात. बेकरीवाला कुठे गेला असेल गं?

रंगारी वगैरे कुणी नाही. मांजरही धडधाकट आहे.

त्याला सांगू नकोस. त्याला पाठीवर घेऊन चढ चढलेली बाई मी. आता जिन्याला भिते, हे त्याला कसं सांगू? दीपगृह बघू दे त्याला. म्हणतात, छान आहे.

त्याचा दम कसा आहे, तेवढं मात्र खरं खरं कळव.

अक्का


२९ एप्रिल

अक्का,

सांगितलं तिने. तुझं पत्र वाचून ती माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिली, तेव्हाच मी ओळखलं. मग माझ्यावर उखडली. मग मी तिच्यावर उखडलो, माझा दम तुला का सांगितला म्हणून. लेक मध्ये पडली आणि म्हणाली, "तुम्हा तिघांना एका खोलीत कोंडायला हवं."

तुझा राग आलाय. पडलीस आणि लिहिलं नाहीस! तीन हिवाळे मी तुला "थंडी आहे, फिरायला जाताना शाल घे" असं लिहीत बसलो, आणि तू मला "घेते हो" असं लिहीत बसलीस. आता मीही काय तोंडाने बोलू? मी दुकानांच्या काचा बघत हिंडतोय.

तर ऐक. मी रस्त्यावर, तू चौथ्या मजल्यावर. मला चार मजले नकोत, तुला चार मजले नकोत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ये. दोन तुझे, दोन माझे. कमी-जास्तीची भानगड नाही. मजल्यामजल्यावर एकेक खुर्ची मांडून ठेवायला सांग शेजाऱ्यांना. खुर्ची कसलीही चालेल, पण वेताची नको, ती मला बघवत नाही.

दीपगृह रद्द केलं. सहलीच्या बाईंनी विचारलं, "मग काका, कुठे जाणार?" म्हटलं, "एका जिन्यावर." त्या म्हणाल्या, "किती बूट?" मी म्हटलं, "ते आल्यावर सांगतो."

खाली उतरवलं नाही तर राहू दे. मी तिथे बसून हाका मारीन, तू वरून ओरड. तसंही आपण तेवढंच करत आलोय.

छोट्या


१३ मे, बोटीवरून

अक्का,

काल निरोप घेताना बायको घड्याळ दाखवत होती, टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, आणि मला नीट काही बोलताच आलं नाही. म्हणून लिहितो.

पहिल्या मजल्यावर तुमच्या त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ठेवलेल्या खुर्चीवर बसलो, तर एक सुजलेल्या गालाचा माणूस आतून बाहेर आला आणि मला म्हणाला, "रांग इकडून आहे." मी म्हटलं, "मला बहिणीकडे जायचंय." तो म्हणाला, "सगळे असंच काहीतरी सांगतात." आणि खुर्ची ती कसली! स्प्रिंग साफ गेलेली. बसल्या बसल्या गादी उचकटून बघितली, आत नुसता चुरा. बायकोने हात ओढला म्हणून, नाहीतर तिथेच उसवायला घेतली असती.

दुसऱ्या मजल्यावर पोचलो. खुर्चीवर शेजाऱ्यांनी आणून ठेवलेला तुझा थर्मास होता, तू नव्हतीस. त्या बासरीच्या मास्तरांच्या दारामागे कुणीतरी एकच ओळ चुकीची वाजवत होतं. वर बघून हाक मारली, "अक्का, आलीस का गं?"

वरून आवाज आला, "आले आले!"

"कुठवर?"

"हे काय, इथंच!"

बायको दोन पायऱ्या चढून बघून आली आणि मला म्हणाली, "दारातच आहेत अजून. कठडा धरून."

तेव्हा मला वर पळत सुटावंसं वाटलं. बायकोने खांदा दाबून खाली बसवलं. मग मी काय करणार? तुला डिवचलं. "तिथंच राहा! तुझ्या वाटचा चहा मीच पितो!" म्हटलं. तू म्हणालीस, "हात तर लाव थर्मासला!" आणि मग आवाज आला, घसटत, एकेक पायरी बसून उतरण्याचा. प्रत्येक पायरीला मला एक शिवी. आईकडून ऐकलेल्या, आठवणीतल्या सगळ्या शिव्या संपल्या तेव्हा आधी तुझ्या चपला दिसल्या, मग तू. बासरीसुद्धा थांबली.

एवढीशी झालीस गं. हे तिथे म्हणालो नाही.

मग आपण काय बोललो? तू म्हणालीस, "माझे दोन मजले तुझ्या दोन मजल्यांपेक्षा उंच आहेत." मी म्हटलं, "मी समुद्र ओलांडून आलो, तो धर की हिशेबात." यावर सगळी दुपार गेली. बेकरीवाल्याचा विषय राहिला. आईचा राहिला. दाजींचा राहिला. तुझा हात मात्र मी शेवटपर्यंत सोडला नाही, तू "चहा सांडेल, सोड" म्हणत होतीस तरी.

आता जीवाला घोर कसला लागलाय ते ऐक. मी तुला खुर्चीत बसलेली सोडून आलो. तू म्हणालीस, "तू जा, बोट थांबायची नाही, मी बघते माझं." मी वळून पाहिलं तर तू वरच्या जिन्याकडे बघत होतीस. वर पोचलीस का? बोटीवरून फोन लावला, तर तू, मास्तर, नाहीतर तुझी मांजर, कुणीतरी "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवला. मास्तरांनी सोडलं का? का अजून तिथेच बसलीयेस? मला काही सुचत नाही. जेवण समोर आहे, सोफा मऊ आहे, आणि माझं सगळं लक्ष तुझ्या जिन्यात.

लगेच कळव.

छोट्या


२८ मे

छोट्या,

फोनवर मीच होते. मी केवढं सविस्तर सांगितलं! तुलाही ऐकू येत नाही, कबूल कर.

वर नाही गेले.

तू गेल्यावर मास्तर बाहेर आले आणि म्हणाले, "चला, धरून वर नेतो." मी उठले. वर पाहिलं, दोन मजले. खाली पाहिलं, दोन मजले. म्हटलं, अंतर तर सारखंच आहे. वर मांजर, आणि खाली तू गेलेला रस्ता. मास्तरांना म्हटलं, "खाली न्या." ते म्हणाले, "नक्की?" मी म्हटलं, "विचारू नका, नाहीतर बदलेन."

बसत बसत उतरले. विहीर वाटली, पण तळाला उजेड होता. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत टेकले. खरंच स्प्रिंग गेलीय रे. मग दारात जाऊन उभी राहिले. टॅक्सी कधीच गेली होती. तेवढ्यात तुझ्या बोटीचा भोंगा झाला. तीन हिवाळ्यांत तो मी पहिल्यांदा भिंतीशिवाय ऐकला. केवढा मोठा आहे! कानांवर हात ठेवले आणि इतकी रडले की मास्तर घाबरून पाणी आणायला धावले.

मग वळणावर वाण्याच्या दुकानात गेले. त्याच्या हातून बटाट्याची पिशवीच पडली. मी पडल्यानंतरच त्याने हे दुकान घेतलं, त्यामुळे इतके दिवस त्याने माझा फक्त हात आणि टोपली पाहिली होती. म्हणतो कसा, "अहो बाई, आवाजावरून वाटलं, तुम्ही केवढ्या तरी असाल!" बेकरीवाल्याचंही त्यालाच विचारलं. लेकाकडे राहायला गेलाय, सुखात आहे. बाकाचं कुणालाच ठाऊक नाही.

वर जायला संध्याकाळ झाली. पण गेले. तेव्हापासून दर दोन दिवसांनी उतरते. भीती वाटते, वाटत नाही असं सांगणार नाही. खुर्च्या मी परत दिलेल्या नाहीत. डॉक्टरीणबाई त्यांची मागायला आल्या, त्यांना म्हटलं, भाऊ पुढच्या खेपेला येऊन शिवून देणार आहे, तोवर राहू दे. तेव्हा आता तुला यावंच लागेल, आणि सुई-दोरा घेऊन यावं लागेल. भावजयीला सांग, गुडघा जपून ठेव, पुढच्या पत्रांत लागेल.

आणि तू दम लागला की बस. काचा बघू नकोस. सरळ बस, आणि लोकांना सांग, दमलोय म्हणून.

तू विचारलं होतंस, ते आता खरं सांगते. माझ्या घराला तीन बूट. लांब आहे रे. बरंच लांब आहे.

नव्या धक्क्यापर्यंत अजून गेले नाही. जायचंय. काल वाण्याला विचारलं, किती लांब आहे हो? तर तो बटाटे तोलता तोलता म्हणाला, "हे काय, इथंच!"

मी टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि म्हटलं, "ते मला सांगू नका. नीट सांगा, किती बूट?"

अक्का